न तपासलेलं तेल

ट्रान्सफॉर्मरमधलं तेल बिघडलंय की चांगलं आहे, हे जिलानी मिस्त्री नुसत्या वासावरून सांगायचा. त्याच्या वडलांची नांदेडला इतवाऱ्यात अत्तराची पेटी होती. कापसाचा बोळा नाकाशी धरून खरा खस कुठला आणि भेसळीचा कुठला, हे पोरानं सातव्या-आठव्या वर्षीच शिकून घेतलं होतं. पुढं अत्तराचं गिऱ्हाईक कमी झालं आणि पोरगं आयटीआय करून ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात लागलं, तेव्हा बाप हसून म्हणाला, "चलो, तेल का धंदा तो नहीं छूटा."

पण वासावर सोडून द्यायचं हे काम नव्हे, हेही जिलानीला पक्कं ठाऊक होतं. खांबावरच्या त्या लोखंडी पेटीत, जिला गावोगाव लोक डीपी म्हणतात, तेल असतं ते दोन कामांसाठी. आतल्या तारांची उष्णता ओढून घ्यायची, आणि एका तारेतली वीज दुसरीवर उडी मारू द्यायची नाही. त्या तेलात थेंबभर पाणी शिरलं की ते वीज अडवायचं सोडून देतं. म्हणून ते तपासायचं. खालच्या तोटीतून आधी थोडं तेल वाहू द्यायचं, त्याच तेलानं बाटली विसळायची, मग नमुना घ्यायचा. काचेच्या भांड्यात समोरासमोर दोन पितळी गोळे, मधे अडीच मिलिमीटरची फट. तेल ओतून ते निवू द्यायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, आणि मग विजेचा दाब हळूहळू चढवत न्यायचा. एका आकड्याला फटीत ठिणगी पडते, तडाक. तो आकडा लिहायचा. असं सहा वेळा, आणि सहांची सरासरी. तीस किलोव्होल्टच्या खाली आला तर तेल गाळून, तापवून, पाणी काढून परत भरायचं. एका डीपीला हे करायला तास-दीड तास सहज जातो. जिलानी मशीनजवळ असा बसायचा की जणू कुणाची नाडी बघतोय.

त्र्याण्णव साली भूकंप झाला. दहा-बारा दिवसांनी दयानंद शेटकारांनी त्याला तेल गाळायचं मशीन घेऊन ट्रकनं किल्लारीकडं पाठवलं. शेटकार हे कारखान्याचे मालक, वीज खात्याचे कंत्राटदार. तेरणेकाठच्या गावांत खांब आडवे झाले होते, डीपी मातीत पडल्या होत्या, फुटलेल्या पेट्यांतून तेल सांडून जमीन काळी झाली होती. उघड्यावरच्या माणसांसाठी पत्र्याचे शेड उभे राहत होते आणि तिथं पाण्याच्या मोटारीला वीज पाहिजे होती. तिथं त्याला भुजंग भेटला.

भुजंग खात्यातला लाइनमन. त्याच भागातला. भूकंपात त्याचा थोरला भाऊ, भावजय आणि भावाची दोन लेकरं गेली. म्हातारी आई, गुणाबाई, तेवढी मातीतून जिवंत निघाली. चौथ्या दिवशी भुजंग कामावर हजर होता. का आला म्हणून साहेबांनी विचारलं तर म्हणाला, "घर न्हाई तर घरी बसून काय करू?"

ते दोघं चार महिने एकत्र राबले. भुजंग खांबावर, जिलानी खाली मशीनजवळ. जिलानीनं आकडा सांगितल्याशिवाय भुजंग डीपी चालू करायचा नाही. एकदा पाण्याची टंचाई होती, लोक ओरडत होते, तरी जिलानी म्हणाला, "बावीस आलंय, नको," आणि भुजंगनं शिव्या खात चार तास सगळ्यांना थांबवून ठेवलं. गुणाबाई दोघांना पत्र्याच्या शेडमधून भाकरी आणि तिखटाचं पिठलं आणून द्यायची. एकदा जिलानीच्या मशीनकडं बघून ती म्हणाली, "लेकरा, तू तर डागदरावानी बसतूस की रं." जिलानीला ते लई आवडलं. घरी आल्यावर त्यानं अख्तरीला, आपल्या बायकोला, ते तीन वेळा सांगितलं.

पुढं शेटकारांनी लातूरला कारखाना टाकला आणि जिलानी बायको-मुलीसह लातूरला आला. भुजंगचीही बदली तिथंच झाली होती. दोन घरांचं येणं-जाणं झालं. ईदचा शिरखुर्मा भुजंगकडं जायचा, मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येचं आंबील आणि शेंगाभाज्यांची भज्जी जिलानीकडं यायची.

आणि लातूर बदलत होतं. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकायला लागली, तशी मुखेड, बिलोली, देगलूर, कुठून-कुठून पोरं पेट्या घेऊन शहरात उतरायला लागली. ज्या गल्लीत पूर्वी दोन दिवे आणि एक पिठाची गिरणी असायची, तिथं आता चार मजली वसतिगृहं, खाली मेस, वर क्लास. प्रत्येक खोलीत कूलर, हिवाळ्यात बादलीत पाणी तापवायची कांडी. डीपी मात्र त्याच. भुजंग म्हणायचा, "मिस्त्री, एका बैलाला दहा गाड्या जुंपल्यात."

डीपींची तपासणी वर्षातून दोनदा व्हायची, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर. शेटकारांकडं कंत्राट होतं आणि सही जिलानीची असायची. त्याची सही म्हणजे शंका नाही, असं खात्यातले साहेब सांगायचे.

दोन हजार एक सालच्या जूनमध्ये त्याच्या उजमानं दहावीला चांगले गुण मिळवले. एका मोठ्या क्लासनं तिला बोलावलं. पालकांनी सोबत यावं, दुपारी तीनला. त्या दिवशी जिलानीच्या यादीत अकरा डीपी शिल्लक होत्या आणि अहवाल संध्याकाळी द्यायचा होता. अंगाला तेलाचा वास, नखांत काळं. तो घरी गेला, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. क्लासच्या सरांनी विचारलं, "आपण काय करता?" आणि जिलानीच्या तोंडून निघून गेलं, "ऑइल टेस्टिंग ऑफिसर आहे." उजमानं त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी कारखान्यात एकटं बसून त्यानं रजिस्टर उघडलं. मागच्या वर्षीचे आकडे समोर ठेवले आणि अकराही डीपींच्या ओळी भरल्या. मागं पन्नास होतं तिथं अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस होतं तिथं पंचेचाळीस. तेल वर्षभरात थोडं उतरतंच, म्हणून थोडं उतरवलं. खोटं लिहितानाही त्याचं कसब कामाला आलं, याची आठवण पुढं त्याला सगळ्यात जास्त बोचली.

काही झालं नाही. अकराही डीपी चालत राहिल्या. दिवाळीनंतर माणसं कमी होती, त्यानं पंधरा ओळी तशाच भरल्या. पुढच्या उन्हाळ्यात तीस. आता कुणाचा प्रवेश नव्हता, कसली घाई नव्हती. नुसतं ऊन होतं, आणि खुर्चीवर बसून ते होत होतं. दिवाळीनंतर पुन्हा तसंच. शेटकारांनी एकदा रजिस्टर चाळलं, जिलानीकडं बघितलं आणि बंद केलं.

दोन हजार तीनचा फेब्रुवारी. बारावीची परीक्षा चार दिवसांवर आलेली. उजमाचीही तीच परीक्षा. दुपारी कारखान्यातला फोन वाजला. भुजंग एसटीडी बूथवरून बोलत होता.

"मिस्त्री, क्लासच्या गल्लीतली डीपी आवाज करून राहिली. लोडशेडिंगमध्ये बंद हाय आत्ता. चालू करायची हाय. तेल कसं हाय तिचं?"

जिलानीनं रजिस्टर ओढलं. नोव्हेंबरची ओळ. त्याच्याच अक्षरात. या डीपीपाशी तो दीड वर्षात गेला नव्हता. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले होते, हे तो पुढं अख्तरीला शपथेवर सांगायचा. पण शेजारच्या टेबलाशी शेटकार बसले होते.

"सेहेचाळीस," तो म्हणाला. "बिनधास्त चालू कर."

"मग झालं तर," भुजंग म्हणाला आणि फोन ठेवला.

वीज आली, आणि सगळ्या गल्लीचा भार एकदम त्या डीपीवर पडला. भुजंग खांबाखालच्या चौथऱ्यावरून अजून उतरायचा होता. आत दणका झाला, आतला दाब वाढला की फाटतो तो वरच्या नळीचा पडदा फाटला आणि उकळतं तेल त्याच्या मानेवर, खांद्यावर, उजव्या हातावर पडलं. तो खाली कोसळला. चहावाल्यानं ओलं पोतं टाकून त्याला झाकलं. मेसमधली पोरं हातातली पुस्तकं टाकून धावली.

जिलानी दवाखान्यात पोचला तेव्हा भुजंगची बायको सिंधु बाहेर बाकावर बसली होती. गुणाबाई भिंतीला टेकून उभी. जिलानीला बघताच म्हातारीनं त्याचा हात धरला. "आलास लेकरा? तू हाईस म्हणून धीर हाय." जिलानीला हात सोडवून घेता आला नाही आणि तसाच ठेवताही येईना.

भुजंग वाचला. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली, कोपर सरळ होईना. खात्यानं चौकशी लावली. ती गुरुबसप्पा हत्ते नावाच्या अभियंत्याकडं होती, माणूस सरळ होता. त्याला फ्यूजमध्ये नेहमीपेक्षा जाड तार सापडली. भुजंगनं लपवलं नाही. खाटेवरूनच सांगितलं, "व्हय साहेब, म्याच टाकली. रोज फ्यूज उडायचा, पोरांची परीक्षा हाय म्हणून मेसवाले हातापाया पडायचे."

"आणि तेल?"

"तेलाचं काही इचारू नका साहेब. ते जिलानी मिस्त्रीनं तपासल्यालं. त्याचा आकडा चुकत न्हाई. म्या सोता फोन करून इचारलं हुतं."

जिलानी त्या वेळी खाटेच्या पायथ्याशी उभा होता. हत्ते साहेबांनी त्याच्याकडं बघून मान हलवली, कागदावर लिहिलं आणि निघून गेले. दोष भुजंगच्या जाड तारेवर ठरत गेला. त्याला निलंबित केलं आणि नोकरीवरून काढायची नोटीस आली.

जळालेली डीपी दुरुस्तीला शेटकारांच्याच कारखान्यात आली. जिलानीनं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला गंज, तळाशी चिखलासारखा गाळ. ब्रीदर, म्हणजे जिच्यातून डीपी श्वास घेते ती काचेची डबी; तिच्यातले निळे खडे ओल शोषून पार गुलाबी होऊन गेले होते. जाळानं तेल करपतं, पण गंज आणि चिखल आठवड्यात होत नाही. पावसाळाभर पाणी आत जात होतं. तळाचं तेल बाटलीत घेऊन त्यानं मशीनवर लावलं. ठिणगी नऊला पडली. परत लावलं. आठ. परत. नऊ.

शेटकार मागं येऊन उभे होते. "तेल काढून टाका मिस्त्री. टाकी धुऊन घ्या."

"शेट, हे..."

"मला दिसतंय. काढून टाका. अकरा माणसं आहेत इथं कामाला."

जिलानीनं तेल काढून टाकलं. एक बाटली तेवढी कपाटात मागं सरकवून ठेवली. का ठेवली हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

दोन महिने तो रोज संध्याकाळी भुजंगपाशी जाऊन बसायचा. डबा न्यायचा, पट्टी बदलताना हात धरायचा. शेजारचे रुग्ण म्हणायचे, भाऊ असावा तर असा. एकदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर भुजंगच त्याची समजूत घालायला लागला. "तू कशाला रडायला मिस्त्री? चुकी माझी हाय. तारंची." मग म्हणाला, "तेवढं साहेबाला एकदा सांग की माणूस इमानदार हाय म्हणून. तुझ्या शब्दाला मान हाय."

त्या दिवशी जिलानी घरी आला आणि जेवला नाही. अख्तरीनं विचारलं, परत विचारलं. मग त्यानं सगळं सांगितलं, अकरा ओळींपासून. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"भुजंगभाई को बोले?"

"नहीं."

"पैले उनको बोलो. बाद में जिसको बोलना है बोलो."

शहाणपणाचं बोलली होती. पण जिलानीला वाटलं, साहेबासमोर उभं राहणं सोपं आहे. साहेब फार तर ओरडेल. गुणाबाईच्या डोळ्यांसमोर ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं नसतं.

त्यानं जबाब लिहायला घेतला. पहिल्या कागदावर लिहिलं, 'मुलीच्या प्रवेशाच्या गडबडीमुळे.' उजमा मागं येऊन उभी राहिली आहे हे त्याला कळलं नव्हतं. ती वाचत होती.

"माझ्यामुळं, अब्बा?"

तो दचकला. "नाही बेटा."

"मग लिहिलं का?"

त्यानं ती ओळ खोडली, पण खोडलेलीही वाचता येत होती. मग तो कागद फाडून त्यानं नवा घेतला आणि एवढंच लिहिलं, की नमुने न घेता आकडे मी भरले, कुणीही मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

हत्ते साहेबांनी जबाब वाचला, जिलानीनं पुढं केलेली तेलाची बाटली उजेडात धरून बघितली. ते ओरडले नाहीत. "किती डीपी आहेत अशा?" एवढंच विचारलं. जिलानीनं मोजून सांगितलं. छप्पन्न. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या छप्पन्न डीपी दोन आठवडे दुसऱ्या माणसांकडून तपासून घेतल्या. सातांचं तेल खराब निघालं. त्यातली एक मुलींच्या वसतिगृहाच्या दाराशी होती.

भुजंगची नोटीस मागं घेतली गेली. जाड तारेबद्दल ताकीद देऊन त्याला तक्रार केंद्रात बसून करायचं काम दिलं. शेटकारांचं कंत्राट गेलं, कारखाना बंद पडला. जिलानी आपलं सामान आणायला गेला तेव्हा बाकीचे दहाजण फाटकापाशी उभे होते. वाइंडिंग करणाऱ्या केरबानं, ज्याच्याबरोबर त्यानं आठ वर्षं एका डब्यात खाल्लं, त्याच्यासाठी फाटक उघडून धरलं आणि दुसरीकडं बघत राहिला.

मग तो भुजंगच्या घरी गेला. भुजंग ओसरीवर बसला होता. त्याला आधीच कळलं होतं. ऑफिसातला शिपाई कागद घेऊन आला होता, तोच सांगून गेला होता. सिंधुनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. गुणाबाई आतच होती. ती बाहेर आली नाही.

"भुजंग, मी..."

"मला वाचून दाखवलं शिपायानं," भुजंग म्हणाला. "समदं. लई चांगलं लिवलंस."

जिलानी ओसरीच्या कडेला टेकला.

"एक सांग. दोन महिने तू माझ्या खाटंपाशी बसून ऱ्हायलास. माझी पट्टी बदलून ऱ्हायलास. म्या साहेबाला तुझी खात्री देऊन ऱ्हायलो हुतो, तव्हा तू तिथंच हुतास. आयकून ऱ्हायलास." त्याचा आवाज चढला नव्हता. "साहेबाला सांगितलंस. मला न्हाई सांगितलंस. तेल खराब निघालं ह्याचं न्हाई मला एवढं. तेल खराब व्हतंच. पर मला शिपायाकडून कळावं व्हय?"

जिलानीनं माफी मागितली. ती त्याच्याच कानाला फार लहान वाटली. भुजंगनं मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. पाणी न पिता जिलानी उठला.

उजमाला वैद्यकीयला जागा मिळाली नाही. तिनं नांदेडला फार्मसी केली. जिलानीचं कुटुंब नांदेडला परत गेलं. विष्णुपुरीच्या बाजूला एका लहान शेडमध्ये जिलानीला जुनं तेल गाळायचं काम मिळालं. सहीचं काम त्यानं मागितलं नाही. मालक म्हणायचा, "मिस्त्री, तुम्ही एका नमुन्याला दुपार लावता." तो पुढची बाटली विसळायला घ्यायचा. लोक त्याला चेंगट म्हणायचे, प्रामाणिक म्हणणारेही भेटायचे. कुणी प्रामाणिक म्हटलं की तो उठून बाहेर जायचा.

गुणाबाई वारल्याचं त्याला पाच महिन्यांनी कळलं. जावं की नाही यात आणखी एक महिना गेला, आणि मग जायला तोंड उरलं नाही.

अपघाताला बारा वर्षं झाल्यावर पोस्टानं एक लग्नपत्रिका आली. भुजंगच्या मुलीचं, शिल्पाचं लग्न. पत्ता कुण्या दुसऱ्याच्या अक्षरात होता. सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही. अख्तरीनं पत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाली, "जाना है."

मंगल कार्यालयात दोघं शेवटच्या ओळीत बसले. अक्षता झाल्या. मंडपाच्या टोकाला भुजंग पाहुण्यांची विचारपूस करत फिरत होता. उजवा हात कोपरात वाकलेला, त्याच हातानं नमस्कार करत होता. फिरत-फिरत तो या ओळीपाशी आला. अख्तरीला आधी म्हणाला, "वहिनी, आलात, बरं झालं." मग जिलानीकडं बघितलं. केस पिकले होते दोघांचे.

"जेवलास का?"

"अजून नाही."

"जेव मग. पंगत बसायली." आणि तो पुढच्या ओळीकडं वळला.

जिलानी पंगतीला बसला. शेजारी पागोटेवाले एक म्हातारे पाहुणे होते, ग्यानोबा म्हणून, नवऱ्या मुलाकडचे. वरणाची वाट बघता-बघता त्यांनी सहज विचारलं, "पाव्हणं, तुमी मुलीकडचं न्हवं? भुजंगरावांचं कोण लागता?"

जिलानीनं पत्रावळीच्या कडेचं मीठ बोटानं सरळ केलं.

"नांदेडचा आहे मी," तो म्हणाला.

म्हाताऱ्यांनी थोडी वाट बघितली. मग वाढपी आला, आणि त्यांनी वरणासाठी भातात आळं केलं.